माइकला जवळचा आवाज लागतो: विदर्भातल्या खेड्यात राहून रेडिओ आणि आवाजाचं काम

झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या नाटकांच्या, मंडपात शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा आवाज, कीर्तनात दोन-दोन तास न थकणारा आवाज, आठवडी बाजाराच्या गलक्यातही वेगळा ऐकू येणारा आवाज. विदर्भात चांगल्या आवाजांची वाण नाही. तरी हेच आवाज पहिल्यांदा माइकसमोर आले की बहुतेक वेळा चाचणीत मागे पडतात, कारण मंडपात आवाज फेकावा लागतो आणि रेडिओवर फेकलेला आवाज ऐकणाऱ्याच्या अंगावर येतो. रेडिओ ऐकणारा माणूस त्या क्षणी एकटा असतो. कोणी गोठ्यात धार काढत असतो, कोणी चुलीपाशी भाकरी थापत असते, कोणाचा मोबाइल धुऱ्यावर ठेवलेला आणि हात निंदणात गुंतलेले. त्या एकट्याशी खाटेवर शेजारी बसून बोलावं तसं बोलायचं असतं.

यासाठी आठवडाभर एक सराव करा. दहा ओळींचा एकच उतारा मोबाइलवर तीनदा ध्वनिमुद्रित करा. पहिल्यांदा अंगणापलीकडच्या माणसाला ऐकू जाईल असा, दुसऱ्यांदा खाटेच्या दुसऱ्या टोकावर बसलेल्या माणसाशी, तिसऱ्यांदा अगदी कानात सांगितल्यासारखा. दुसरा आवाज माइकचा. तिसऱ्यात आवाज खाली जातो आणि शब्दांची शेवटची अक्षरं गळतात. आवाज लहान करायचा, पण शब्दांमागचा जोर तोच ठेवायचा, हे जमायला महिना-दोन महिने लागतात. रंगमंचावरून आलेल्यांना जास्तच लागतात.

खोली आधी, माइक नंतर

लोक आधी महागडा माइक घेतात आणि टिनाच्या खोलीत बसून वाचतात. मग आवाज डब्यातून आल्यासारखा येतो आणि दोष माइकला दिला जातो. सिमेंटची भिंत, फरशी आणि टिनपत्रा आवाज परत फेकतात. तो परतलेला आवाज मूळ आवाजात मिसळला की नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरनं तो पूर्ण निघत नाही.

आपल्याकडे त्याचा उपाय घरातच आहे, तो म्हणजे कापसाची गादी. चार इंची, नीट पिंजलेल्या रुईची गादी आवाज चांगला शोषते. भिंतीला चिकटवण्यापेक्षा चार बोटं अंतर सोडून उभी केली तर खालचा, घुमणारा आवाजही बराच कमी होतो. दोन खाटा उभ्या करून कोन करा, त्यांवर दोन गाद्या टाका. डोक्यावर दोन बांबू आडवे टाकून त्यांवर जाड दुलई पसरा. खाली सतरंजी, तिच्यावर गोधडी. एवढ्यात काम भागतं.

एक गोष्ट बहुतेक जण उलटी करतात. गादी माइकच्या मागे लावतात आणि आपण उघड्या भिंतीला पाठ करून बसतात. साधा एकदिशा माइक त्याच्या पाठीमागचं फारसं ऐकत नाही. तो तुमच्या तोंडाकडे बघतो, म्हणजे तुमच्या पाठीमागची भिंतही त्याच्या समोरच असते. म्हणून पहिली गादी तुमच्या पाठीमागे, दुसरी बाजूला आणि दुलई डोक्यावर. माइकच्या मागे काही लावायचं ते सगळ्यात शेवटी.

घरात वेचणीचा कापूस साठवला असेल तर त्या खोलीत बसण्याचा मोह होतो, कारण तिथे आवाज मऊ येतो. तिथे बसू नका. सरकीसकटच्या कापसातून तंतू आणि धूळ उडते, घसा खवखवतो, अंगाला खाज सुटते. खोळीत बंद असलेली रुईच वापरायची. कूलरच्या ओलाव्यानं गादी दमट होते आणि तिला वास लागतो, तेव्हा आठवड्यातून एकदा तिला ऊन दाखवा.

खोली झाली की एक टाळी वाजवा. मागून ‘टण्’ असा शेपूट ऐकू आला तर अजून एक दुलई हवी. मग अर्धा मिनिट काहीही न बोलता ध्वनिमुद्रण करा. ही शांतता उणे ६० डेसिबलच्या खाली असली पाहिजे. ऑडिओबुकवाले हीच मर्यादा मागतात. सॉफ्टवेअरमधला आवाजाचा मीटर याहून वर दिसला तर कान देऊन ऐका: फ्रीज, पंखा, शेजारची पिठाची गिरणी, विहिरीवरचा मोटरपंप, पावसाळ्यात बेडूक आणि रातकिडे. टिनावर पाऊस सुरू झाला की त्या दिवशीचं काम संपलं असं समजा. कोणत्या वेळी गाव सर्वांत शांत असतं याची आठवडाभर वहीत नोंद ठेवा. हिवाळ्यात रात्री अकरानंतर चांगला वेळ मिळतो. पहाट शांत वाटते, पण पाखरं उठली की तीही गेली.

उन्हाळ्यात कूलर लावून खोली आधी थंड करायची, मग तो बंद करून पंधरा-वीस मिनिटांचा एक तुकडा, पुन्हा कूलर. दुलईखाली मे महिन्यात त्याहून जास्त बसू नका. घामेजलेला, दमलेला आवाज ऐकणाऱ्याला लगेच कळतो.

माइक आणि लाइन

खेड्यातल्या खोलीसाठी आमची पहिली पसंती डायनॅमिक माइकला आहे. कंडेन्सर माइक बारकावे जास्त टिपतो, पण तो रस्त्यावरची ट्रॅक्टर-ट्रॉलीही टिपतो, त्याला ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा (माइकच्या वायरमधूनच दिली जाणारी वीज) लागतो आणि जुलै ते सप्टेंबरच्या दमट हवेत तो चरचरायला लागतो. घेतलाच तर काम झालं की सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. डायनॅमिक माइकला ताकद जास्त द्यावी लागते, म्हणून ऑडिओ इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारा डबा) घेताना त्याचा गेन, म्हणजे आवाज वाढवायची ताकद, पुरेसा आहे का ते बघा. कमी पडला तर आवाज वाढवताना मागे ‘सूंऽऽ’ येतं. हेडफोन कान पूर्ण झाकणारे असावेत, नाहीतर त्यांतला आवाज माइकमध्ये शिरतो.

सगळ्यात जास्त त्रास होतो तो ‘घूंऽऽ’ आवाजाचा. हा ५० हर्ट्झच्या विजेचा गुण, आणि खेड्यात बहुधा त्याचं कारण कमजोर अर्थिंग. चार्जर काढा, लॅपटॉप बॅटरीवर चालवा. घूं गेली तर माइक चांगला आहे, दोष अर्थिंगचा आहे. वायरमनला दाखवून अर्थिंग तपासून घ्या. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यातली माती कोरडी पडते, तेव्हा तिथे दर आठवड्याला पाणी टाका. लाइन गेल्यावर इन्व्हर्टरवर काम करणार असाल तर स्वस्त इन्व्हर्टर वेगळीच गुणगुण देतो. तेव्हाही बॅटरीच बरी.

माइक तोंडासमोर अगदी सरळ ठेवू नका. ओठांच्या कोपऱ्याच्या रेषेत, थोडा तिरका, कंडेन्सर असेल तर एक वीत दूर, डायनॅमिक असेल तर चार बोटं ते एक मूठ. तळहात तोंडासमोर धरून म्हणा: भाऊ, फवारणी, पाऊस, बियाणं. हाताला जो वारा लागतो तोच माइकवर आदळून ‘धप्प’ करतो. माइक तिरका केला की वारा बाजूनं निघून जातो आणि आवाज तेवढा आत जातो. कशिद्याच्या रिंगवर पातळ नायलॉनचा मोजा ताणून तो माइकच्या तीन-चार बोटं पुढे लावला तरी विकतच्या पॉप फिल्टरचं काम होतं. फार जवळ गेलात तर आवाज भारदस्त वाटतो आणि नवख्याला तो आवडतो, पण माइक जवळच्या आवाजाचा खर्ज फुगवतो म्हणून तसं वाटतं. दहा मिनिटांनी ऐकणारा कंटाळतो.

ध्वनिमुद्रण ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो, डब्ल्यूएव्ही. ऑडॅसिटीसारखं मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. मजकुरातली सगळ्यात जोराची ओळ आधी म्हणून बघा आणि मीटरचं टोक उणे १० डेसिबलच्या आसपास ठेवा. शून्याला भिडलेला आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज शिवता येत नाही. नंतर ८० हर्ट्झच्या खालचं काढून टाका. ‘नॉइज रिडक्शन’ हलक्या हातानं वापरा, जास्त केलं की माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो.

कागद, आकडे आणि चुकलं तर काय होतं

यावर जास्त बोलायचं आहे, कारण इथली चूक ऐकणाऱ्याच्या वावरात जाऊन पोचते.

आधी कागद. एका बाजूला छापलेला, १६ ते १८ आकाराचं अक्षर, ओळींत भरपूर जागा, पिन न मारलेली सुटी पानं. वाक्य एका पानावर सुरू होऊन दुसऱ्यावर संपता कामा नये. पान उलटायचं नाही, हळूच बाजूला सरकवायचं. छोट्या थांब्याला एक तिरकी रेघ, श्वासाला दोन. शांत वाचनात मिनिटाला शंभर ते एकशे वीस शब्द जातात. पाच मिनिटांच्या भाषणाला पाचशे शब्द धरा. सातशे लिहून आणले की शेवटचं मिनिट धावत जातं, आणि कामाचं तेच शेवटी असतं.

आता मजकूर. खात्याकडून येणारं पत्रक बहुधा असं असतं: ‘गुलाबी बोंडअळीच्या सर्वेक्षणाकरिता कपाशीमध्ये हेक्टरी ५ कामगंध सापळे लावावेत. सलग ३ रात्री प्रति सापळा ८ किंवा त्यापेक्षा अधिक पतंग आढळल्यास उपाययोजना करावी.’ कागदावर हे बरोबर आहे. कानाला ते पचत नाही. ते असं म्हणा: ‘कपाशीत एकरी दोन कामगंध सापळे लावा. रोज सकाळी सापळ्यात किती पतंग पडले ते मोजा. एका सापळ्यात आठ किंवा आठाच्या वर पतंग, आणि तेही लागोपाठ तीन रात्री, असं झालं की बोंडअळीचा उपाय सुरू करायची वेळ आली.’ इथे काय बदललं ते बघा. शेतकरी एकरात मोजतो, म्हणून हेक्टरचं एकर झालं. एक वाक्य एकच काम सांगतं. आकडा वाक्याच्या सुरुवातीला आलेला नाही, कारण कान जागा व्हायला दोन शब्द लागतात.

औषधाचं प्रमाण वाचताना तर श्वास रोखून वाचावं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्यानंतर या भागात फवारणीवर बोलणाऱ्या प्रत्येक आवाजावर जबाबदारी आहे. शिफारस दहा लिटर पाण्याला असते आणि पाठीवरचा पंप पंधरा-सोळा लिटरचा. दहा लिटरला वीस मिली असेल तर पंधरा लिटरच्या पंपाला तीस मिली होतात, हेही सांगा. पेट्रोलवर चालणाऱ्या पंपाचं प्रमाण वेगळं असतं. ते स्वतः गुणाकार करून सांगू नका, तज्ज्ञाकडून लिहून घ्या. प्रमाण दोनदा वाचायचं, दुसऱ्यांदा सावकाश. हातमोजे, तोंडावर फडकं, वाऱ्याच्या दिशेनं फवारणी, ही वाक्यं वेळ कमी पडला म्हणून कधीही कापू नका.

मराठी आकडे कानाला फसवतात. एकोणसाठ आणि एकोणसत्तर, सदतीस आणि सत्तेचाळीस, त्रेसष्ट आणि त्र्याहत्तर. फोन नंबर, तारीख, बाजारभाव सांगताना शब्दात म्हणून झालं की अंकही सुटे म्हणा: ‘एकोणसत्तर, सहा-नऊ’. दीड, अडीच, सव्वाशे, पावणेदोनशे हे मात्र तसेच ठेवा, लोक तसंच बोलतात. खताचा ‘१०:२६:२६’ हा ‘दहा सव्वीस सव्वीस’ असाच वाचायचा. मजकुरातला प्रत्येक आकडा पेनानं अक्षरात लिहून ठेवा. थेट प्रसारणात ‘७,५२१’ बघून जीभ अडखळते, ‘सात हजार पाचशे एकवीस’ बघून अडखळत नाही.

बोली सोडायची नाही, ओळखायची

पश्चिम विदर्भात ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, झाडीपट्टीत ‘डोरा’. ‘पाणी’चं ‘पानी’, ‘वीस’चं ‘ईस’, ‘शाळा’चं झाडीपट्टीत ‘सारा’, ‘जात आहे’चं ‘जाऊन राहिलो’. या बोलींना हसणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. रेडिओ नाटकात, जाहिरातीत, ऑडिओबुकमधल्या पात्रांत ही बोली खरी बोलू शकणारे थोडे आहेत आणि त्यांना मागणी आहे. पण बातमी किंवा निवेदन वाचताना ळ, ण, श जागेवर यायला हवेत. दोन्ही बोलता यावं आणि कोणतं कधी चालू आहे हे आपल्याला कळावं. वऱ्हाडी पात्राच्या तोंडी झाडीबोलीचा ‘डोरा’ आला तर अकोल्याचा श्रोता लगेच पकडतो.

रोज दहा मिनिटं या जोड्या म्हणा: बाळ-बाल, मळ-मल, गोळा-गोला, पण-पन, मणी-मनी, शाल-साल, शेण-सेन. मग च आणि ज. ‘चार माणसं’ मधला च टाळूचा, ‘गुरं चार’ मधला दातांचा. ‘सारं जग’ मधला ज टाळूचा, ‘नीट जग’ मधला दातांचा. ‘माझा’ मध्ये झ दातांचा, ‘माझी’ मध्ये टाळूचा. लिहिताना यात फरक दिसत नाही, म्हणून शंका असेल त्या अक्षराखाली टिंब द्या. नागपूर केंद्राची ५८५ किलोहर्ट्झवरची मीडियम वेव्ह ऐकणाऱ्यांसाठी हे जास्तच महत्त्वाचं, कारण मीडियम वेव्हवर आवाजाची वरची धार कापली जाते आणि स, श, फ सगळ्यात आधी पुसट होतात. एफएमवर ती अडचण कमी.

रेडिओ नाटकात अंतर हाच अभिनय असतो. पात्र दुरून येतं तेव्हा आवाज लहान करायचा नाही. माइकपासून चार पावलं लांब, बाजूला तोंड करून सुरुवात करायची आणि बोलत बोलत जवळ यायचं. मनातलं बोलणं माइकच्या अगदी जवळून, श्वास ऐकू येऊ देत. धावून आलेल्या माणसाचा दम खरा हवा असेल तर वाक्याआधी जागच्या जागी वीस उड्या मारा. आवाजाच्या करामतींना आपल्या घरात काय कमी आहे? सुपात ज्वारी हळूहळू कलती केली की पाऊस, वाळलेली पऱ्हाटी (कपाशीची झाडं) मुठीत चुरगाळली की पेटलेला कुडा, घुंगरांचा पट्टा आणि लाकडी पाटाची करकर एकत्र केली की बंडी, म्हणजे बैलगाडी. पण बंडीची घुंगरं संवादाखाली ठेवायची. दोन सेकंद नुसती ऐकवा, मग खाली घ्या.

काम कुठे मिळतं

आकाशवाणीचं नागपूर केंद्र १९४८ पासून आहे. अकोला, यवतमाळ, चंद्रपूर इथेही केंद्रं आहेत. नैमित्तिक उद्घोषकांची जाहिरात निघते तेव्हा सहसा आधी लेखी परीक्षा, मग आवाजाची चाचणी असते आणि अर्जदार त्या केंद्राच्या क्षेत्रातला असावा लागतो. चाचणीत अनोळखी मजकूर हातात देतात. तो आधी मनात एकदा वाचा, नावं आणि आकडे शोधा, मगच तोंड उघडा. अडखळलात तर माफी मागत बसू नका. शब्द पुन्हा नीट म्हणा आणि पुढे चला, प्रत्यक्ष प्रसारणातही तेच करायचं असतं. निवड झाली तरी महिन्याला मोजक्याच ड्यूट्या मिळतात. ती पूर्ण पगाराची नोकरी नव्हे, हे घरच्यांना आधीच सांगा. नाटकासाठी स्वरपरीक्षा वेगळी असते आणि तिच्यात श्रेणी मिळते.

सामुदायिक रेडिओ ही शिकायची सगळ्यात चांगली जागा. शैक्षणिक संस्थांनंतर २००६ च्या धोरणानं स्वयंसेवी संस्था आणि कृषी विज्ञान केंद्रांनाही तो उघडला. प्रक्षेपक साधारण ५० वॉटचा, सपाट भागात दहा-बारा किलोमीटर ऐकू जातो. निम्मे कार्यक्रम स्थानिक पातळीवर तयार करावे लागतात, त्यामुळे आवाजांची गरज कायम असते. स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या आहेत तशा लावता येतात.

त्याशिवाय बियाणं-खतांच्या जाहिराती, घंटागाडी आणि ग्रामपंचायतीच्या सूचना, मोबाइलवरचे शेतीसल्ले, ऑडिओबुक, डबिंग. डबिंगला ओठांची हालचाल जुळवायची असते, म्हणून मूळ वाक्यातले प, ब, म कुठे येतात ते बघा. ओठ मिटतात तिथे आपल्याही वाक्यात मिटणारं अक्षर आणा. बाकीच्या ठिकाणी थोडं मागंपुढं चालतं.

गळा

पाणी प्यायल्याबरोबर आवाज सुटतो हा समज खरा नाही. पाणी अन्ननलिकेत जातं, स्वरतंतूंवर पडत नाही. अंगातून तिथपर्यंत ओलावा पोचायला वेळ लागतो, म्हणून संध्याकाळच्या कामासाठी पाणी सकाळपासून प्यायला हवं. माठातलं चालेल, फ्रीजमधलं नको. तोंडात चिकट ‘चट् चट्’ येत असेल तर आंबटसर सफरचंदाची किंवा संत्र्याची फोड खा. कामाआधी दूध, दही, पेढे टाळा. सारखं खाकरू नका, त्यात स्वरतंतू एकमेकांवर आपटतात. घोटभर पाणी गिळा. बसलेल्या आवाजात कुजबुजणंही त्रासाचंच, त्यापेक्षा गप्प राहा.

आणि खर्रा, म्हणजे घोटलेली सुपारी-तंबाखू. हे कळकळीनं सांगतो. सुपारीमुळे तोंडाच्या आतली कातडी आखडते, जीभ आणि गाल ताठ होतात, तोंड उघडेनासं होतं. उभी तीन बोटं दातांमध्ये जातात का ते बघा. जात नसतील तर तोंडाच्या डॉक्टरांकडे जा. ‘आ’ पूर्ण उघडत नाही त्या तोंडातून स्वर चपटाच येतो आणि सराव करून तो सुधारत नाही. कर्करोगाचा धोका आणखी वेगळा. सर्दी नसताना आवाज तीन आठवड्यांच्या वर बसलेला राहिला तर काढ्यावर थांबू नका, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

फाइल आणि बोलणी

काम घेताना लिहून घ्या: किती शब्द, किती दुरुस्त्या त्याच पैशात, आवाज कुठे आणि किती काळ वाजणार. रेडिओसाठी दिलेला आवाज वर्षभरानं फिरत्या गाडीवर ऐकू आला तर त्याचे पैसे वेगळे, हे आधी ठरलं असेल तरच मिळतात. हल्ली आणखी एक ओळ हवीच: ‘या ध्वनिमुद्रणावरून यंत्रानं बोलणारा आवाज तयार करायचा नाही.’ कामाच्या सुरुवातीला निम्मे पैसे घ्या. मजकुरात चूक देणाऱ्याची असेल तर दुरुस्तीचे पैसे लागतील, आपली असेल तर नाही.

वर सांगितलेल्या डब्ल्यूएव्ही प्रकारात मिनिटाला साधारण साडेआठ एमबी लागतात, दहा मिनिटांचे ८६. गावात नेट हळू असेल तर ऐकायला एमपीथ्री पाठवा आणि पसंत पडल्यावर मूळ फाइल रात्री चढवा. व्हॉट्सॲपवर पाठवायची झाली तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, व्हॉइस मेसेज म्हणून पाठवलेला आवाज दाबला जातो.

दुरुस्ती बहुधा दोन महिन्यांनी येते आणि तेव्हा एकच वाक्य हवं असतं. ते जुन्याशी जुळलं नाही तर सगळं पुन्हा वाचावं लागतं. म्हणून प्रत्येक कामाच्या शेवटी खोलीची शांतता वीस सेकंद ध्वनिमुद्रित करून ठेवा, गेनचा आकडा वहीत लिहा, माइक तोंडापासून किती बोटं होता तेही लिहा. माइकचा स्टँड, खुर्ची आणि खाटांचे पाय जिथे होते तिथे जमिनीवर खुणा करा. फरशी असेल तर ऑइल पेंटचा ठिपका द्या. जमीन सारवलेली असेल तर चार छोटे खिळे ठोका, कारण पुढच्या सारवणात खडू पुसला जातो.